वखारीतली रेंजर

मला लिफ्ट द्यायला थांबलेली ती त्या सकाळची चौथी गाडी. आधी दूधवाला, मग शाळेची बस, मग स्कूटरवरचे एक आजोबा, आणि तेही मागे आजी बसलेल्या असताना! मला बसवणार तरी कुठे होते, देव जाणे. आणि आता ही हिरवी जीप. मागे रोपांच्या काळ्या पिशव्या दाटीवाटीने उभ्या, आणि खिडकीतून बाहेर आलेलं एक सावळं, हसरं कोपर.

"बसा," कोपराचा मालक म्हणाला.

"नको."

"पुढे सहा किलोमीटर काहीच नाही. घर नाही, दुकान नाही."

"मला काही नकोच आहे."

मी चालतच राहिले. जीपही माझ्या पावलाच्या वेगाने शेजारून सरकू लागली.

"घरून भांडून निघालात?"

"नाही. सराव करतेय."

"कसला?"

"चालण्याचा."

"अच्छा..." तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला. "आमच्याकडे तो वर्षाच्या आतच उरकतात."

मला हसू आलं, पण मी ते गिळलं. मनगटावरचं घड्याळ त्याच्यापुढे धरलं. "चार तासांत वीस किलोमीटर. चढ-उतारासकट. रेंजरच्या भरतीची चाचणी आहे, दहा आठवड्यांनी. आणि तुमच्याशी बोलण्यात माझा वेग कमी झालाय."

इथे लोक हसतात. आत्याने हसून घेतलं होतं, मैत्रिणींनी हसून घेतलं होतं. समोरच्या दुकानदाराने तर 'वाघाला पाढे शिकवणार का?' असंही विचारलं होतं. हा हसला नाही. त्याने इंजिन बंद केलं, खाली उतरला. तेव्हा दिसलं, अंगात खाकी गणवेश, खांद्यावर वनरक्षकाची पट्टी. आणि उंची अशी, की जीपमधून तो घडी उलगडल्यासारखा बाहेर आला.

"लेखी परीक्षा निघाली?"

"निघाली."

"मग चाला," तो म्हणाला आणि माझ्या पायांकडे बघत चार पावलं मागून आला. "चढावर पावलं लहान टाका. माणूस चढाशी भांडायला जातो आणि तिथेच दमतो. आणि हे बूट... किती जुने?"

"कालचे."

"म्हणूनच लंगडताय. परीक्षेच्या दिवशी जुने झालेले पाहिजेत. रोज घाला. घरातसुद्धा."

एवढं बोलून तो गेला. मी उरलेल्या वाटेत पावलं लहान टाकली. दम खरंच कमी लागला... आणि तरी छाती धडधडत होती. चढामुळेच असेल, असं मी स्वतःला सांगितलं. रस्ता तेव्हा उताराचा होता, ही गोष्ट वेगळी.

आमची लाकडाची वखार. मी वाढले ती भुशात. लहानपणी मला झोप आली की बाबा मला भुशाच्या ढिगावर निजवायचे. घरचं नाव भिंगरी, कारण मी एका जागी ठरत नसे. पदवी गणिताची घेतली. रेंजर व्हायला विज्ञानाची कुठलीही पदवी चालते, हे मला वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातल्या जाहिरातीने सांगितलं. बारावीनंतर थेट वनरक्षक होता येतं, वनशास्त्राचं वेगळं कॉलेज असतं, आणि ज्याला काहीच नाही त्याला नकाशांचं, मोजणीचं काम शिकता येतं, हेही मी हळूहळू शोधून काढलं. आईला मी आधी सांगितलं. ती म्हणाली, "बाबांना तूच सांग. मी तेव्हा शेजारी जाऊन बसते."

बाबांनी चष्मा कपाळावर चढवला. "वखारवाल्याची पोर जंगलखात्यात? मांजरीला दुधाची राखण!"

"मांजरीलाच दुधाची किंमत कळते, बाबा."

"बोलायला वकील हो. चालायला रेंजर कशाला?"

हो म्हणाले नाहीत. पण नाहीही म्हणाले नाहीत. एवढ्या फटीतून मी पहाटे घराबाहेर पडत होते.

आमच्या घरापासून बरोबर दहा किलोमीटरवर वनखात्याची रोपवाटिका होती. तिथे हात लावून परत फिरलं की वीस होत होते. हा निव्वळ हिशोब होता. तिथे तोच तो उंच वनरक्षक नेमलेला निघाला, यात माझा काय दोष?

"अरे, चालत्या बाई!" तो रोपांच्या गादीवाफ्यावरून उठत म्हणाला. तिथल्या रोपं भरणाऱ्या बायका एकमेकींकडे बघून हसल्या. त्या त्याला 'बांबू' म्हणायच्या, तोंडावर, प्रेमाने.

"मी फक्त फाटकाला हात लावायला आलेय."

"लावा की. फाटक सरकारी आहे, नाही म्हणणार नाही."

मी फाटकाला हात लावला. परत फिरायला हवं होतं. फिरले नाही. "ते झाड कसलं?"

त्याने भुवया उंचावल्या. "रेंजर व्हायचंय ना?"

"मला लाकूड ओळखता येतं," मी मान ताठ ठेवून म्हणाले. "कापलेलं कुठलंही लाकूड आणा, डोळे मिटून सांगते. उभं झाड मात्र... मला सगळी सारखीच हिरवी दिसतात."

तो मनापासून हसला. "आणि मला फक्त उभी कळतात. कापल्यावर माझी ओळखच संपते."

असा आमचा सौदा ठरला. मी एक दिवसाआड जायचे, खिशात वखारीतले तुकडे घेऊन. तो मला पान द्यायचा, मी त्याला लाकूड. जो चुकेल त्याने मातीच्या दहा पिशव्या भरायच्या. पहिल्या आठवड्यात मी इतक्या पिशव्या भरल्या की बायका म्हणाल्या, "हिला हजेरीवर घ्या."

तो पान माझ्या तळहातावर ठेवायचा आणि गवताच्या काडीने शिरा दाखवायचा. "ही मधली. हिच्यापासून या निघतात... समोरासमोर की एक आड एक? बघा." काडी तळहातावरून सरकायची. बोट कधी लागलं नाही. पण काडी लागायची... आणि मला समोरासमोर की एक आड एक, काही म्हणजे काही सुचायचं नाही.

"लक्ष कुठे आहे?"

"शिरांवर."

"पान तर खाली पडलंय."

त्याची पाळी आली की मीही सोडायचे नाही. डोळे मिटायला लावून लाकडाचा तुकडा नाकाशी धरायचे. मिटलेल्या डोळ्यांनी तो फार शहाणा दिसायचा. मी जरा जास्तच वेळ तुकडा धरून ठेवायचे.

"बाभूळ?"

"आंबा! भरा पिशव्या."

एकदा पिशव्या भरताना मी विचारलं, "तुम्ही का नाही देत रेंजरची परीक्षा? पदवी तर होतेय यंदा, बाहेरून."

"मला माझी बीट आवडते, माझ्या राखणीचा तुकडा." त्याने माती थोपटली. "चौदा चौरस किलोमीटर. कुठल्या झाडावर कुठला पक्षी बसतो ते माहीत आहे. साहेब झालो की फायली येतील, बैठका येतील. ज्याला ते जमतं त्याने जरूर करावं. जंगलाला दोघंही लागतात."

"आणि मी साहेब झाले तर?"

"तर मी सॅल्यूट करीन."

"वाईट नाही वाटणार?"

"कशाचं?" त्याने सरळ माझ्याकडे पाहिलं. "मी खाली नाही, बाई. मी जंगलात आहे. ते वेगळं."

मी मान खाली घालून पिशवी भरत राहिले. ती केव्हाच भरली होती. माती बाहेर सांडत होती.

चाचणीला तीन आठवडे उरले असताना एका दुपारी त्याचा फोन आला. तपासणी नाक्यावरून. आवाजात थट्टा नव्हती.

"एक ट्रक अडवलाय. परवाना नीलगिरीच्या फळ्यांचा आहे. वरच्या फळ्या नीलगिरीच्याच असाव्यात. आतल्या काळ्या, जळक्या ऑइलने माखलेल्या. चालक म्हणतो वाळवी लागू नये म्हणून. मोठे साहेब येतायत, पण ते येईपर्यंत मला कारण पाहिजे, नाहीतर सोडावा लागेल. तुम्ही याल?"

मी बाबांची सुरी उचलली आणि निघाले.

नाक्यावर ट्रकचालक हाताची घडी घालून उभा होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "ही कोण? कॉलेजची सहल आलीय का?"

मी ट्रकवर चढले. एक फळी ओढली, कडेला सुरीने पातळ साल काढली. ऑइलच्या खाली सोनेरी रंग उघडा पडला. बोट फिरवलं, मेणासारखं गुळगुळीत. नाक लावलं. लहानपणी ज्या भुशात निजायचे त्याचाच तो वास. आडव्या कापावर बारीक छिद्रांची वर्तुळं, एकात एक.

"साग," मी म्हणाले. "एकशे एक टक्के."

"आणि ही?" वनरक्षकाने तळातली फळी दाखवली. जड होती, दोघांनाही उचलेना. साल काढली तर गडद, जांभळट रेघांची. मला वाटलं शिसव. पण 'वाटलं' म्हणून पंचनाम्यात चालत नाही. मी पुन्हा नाक लावलं.

"शंका आहे?" त्याने हळूच विचारलं.

"आहे. खोटं नाही बोलणार. पण ज्याला शंका नसते असा एक माणूस मी ओळखते."

बाबा अर्ध्या तासात आले, अंगावर भुसा तसाच. आधी माझ्याकडे पाहिलं, मग गणवेशातल्या त्याच्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. ट्रकवर चढले, फळीवर नखाने टिचकी मारली, कान लावला, वास घेतला.

"शिसव. जुना, मोठ्या घेराचा." मग मागच्या फळीला हात लावून म्हणाले, "हा साग कुणी ओळखला?"

"यांनी," तो म्हणाला.

"हं."

पंचनाम्यावर तज्ज्ञाची सही लागणार होती. चालक बाबांच्या जवळ आला, हलक्या आवाजात म्हणाला, "शेठ, तुम्हीही याच धंद्यात. सही केली तर उद्या बाजारात तुम्हाला माल कोण देईल, विचार करा."

बाबांचा हात थांबला. मी त्यांच्याकडे बघत होते. बाजारातले अर्धे व्यापारी एकमेकांना धरून, हे मलाही माहीत होतं. मी पेन घेतलं आणि सागाच्या ओळीपुढे माझं नाव लिहिलं. बाबांनी ते वाचलं. चष्मा पुसला. "पोरीने सही केल्यावर बापाने विचार करायचा असतो का रे?" चालकाला म्हणाले आणि माझ्या नावाखाली आपलं नाव लिहून टाकलं.

परत जाताना स्कूटरवर ते वाऱ्यात ओरडून म्हणाले, "चाचणीच्या दिवशी मी सोडायला येतो. तिथवर चालत जाऊ नकोस म्हणजे झालं!"

चाचणीच्या दिवशी सकाळपासून पाऊस. रस्त्यावर पाणी, चढावर चिखल. दोनशे जण निघालो. बाराव्या किलोमीटरला एक मुलगी बसून रडू लागली. मी तिला हाताला धरून उठवलं, "लहान पावलं टाक. चढाशी भांडू नकोस." ती माझ्याबरोबर शेवटपर्यंत आली. तीन तास बेचाळीस मिनिटं. शेवटच्या रेषेपाशी बाबा छत्री उघडायचं विसरून उभे होते, ओलेचिंब. मी गर्दीत अजून एक उंच डोकं शोधलं... तो नव्हता.

दुसऱ्या दिवशी रोपवाटिकेत गेले. लढाई जिंकल्यासारखी गेले, खरं तर. तो वाफ्यापाशी उभा होता. मला बघून त्याचा चेहरा उजळला आणि लगेच मिटला.

"तीन बेचाळीस!" मी म्हणाले.

"कळलं. अभिनंदन." मग घसा खाकरून, "आता... तुम्ही इथे येऊ नका."

"का?"

"मुलाखत व्हायचीय. निवड व्हायचीय. तोवर नको."

एवढंच. मागे वळून तो पाइप जोडायला लागला. बायका खाली बघत होत्या. मी दहा किलोमीटर परत आले ती किती वेळात, ते घड्याळात पाहिलंच नाही. साहेब होणार म्हणून बिनसलं, असं मन म्हणत होतं. 'मी खाली नाही' म्हणणाऱ्या माणसाचं? छे! पण मन ऐकतं थोडंच.

त्यानंतर सहा आठवडे. ना फोन, ना जीप. मी रडले एकदाच, तेही आंघोळीच्या वेळी, म्हणजे वेळ वाया जाऊ नये. बाकी अभ्यास केला. वणवा अडवणाऱ्या जाळरेषा कधी आखायच्या, झाडाचा घेर कुठे मोजायचा, वणवा कुठून कापायचा. मुलाखतीत पाच जण समोर होते. मधल्या बाईंनी विचारलं, "तुमच्या हाताखाली वीस वर्षं काढलेले वनरक्षक असतील. तुम्ही त्यांना काय शिकवाल?"

"पहिलं वर्ष काहीच नाही," मी म्हणाले. "आधी मी त्यांच्याबरोबर चालेन. मला झाडं कुठल्याही पुस्तकाने शिकवली नाहीत. ती एका वनरक्षकाने शिकवली. त्याला त्याच्या बीटमधला प्रत्येक पक्षी माहीत आहे. अशा माणसाला शिकवायला जाणं म्हणजे नदीला पोहायला शिकवणं."

बाई हसल्या. मी नाही हसले. माझा आवाज जरासा हलला होता, आणि मी तो हलू दिला.

यादी लागली त्या दिवशी मी वखारीत होते. माझं नाव सातवं. बाबांनी मिस्त्रींना जवळ बोलावून ते तीनदा वाचून दाखवलं. मिस्त्री आमचं आरा मशीन चालवतात, कानाने जरा कमी. तिसऱ्यांदा त्यांना कळलं आणि त्यांनी आनंदाने मशीनच सुरू केलं. एवढा मोठा ओंडका पुढे सरकला, कान बधिर करणारा आवाज, सोनेरी भुशाचा फवारा...

आणि त्या फवाऱ्यापलीकडे दारात खाकी गणवेश.

खाकी दिसली की तपासणीच, या सवयीने बाबांनी पावत्यांची फाइल पुढे केली. त्याने मान हलवली, बाबांना नमस्कार केला आणि सरळ माझ्याकडे आला. मशीनच्या पलीकडे उभा राहिला. काहीतरी बोलला.

"काय?" मी ओरडले.

"मोठे साहेब म्हणाले होते..." तोही ओरडला, "पंचनाम्याची साक्षीदार... आणि उमेदवार... आपण एकत्र दिसलो तर म्हणतील... वशिला लावला! तुमचं यश... तुमचंच राहायला हवं होतं!"

"मग हे तेव्हाच का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं?"

नसतं ऐकलं. दुसऱ्याच दिवशी फाटकाला हात लावायला गेले असते.

"सहा आठवडे!" मी ओरडले. सगळा राग, सगळा जीव त्या आवाजात होता. "सहा आठवडे मी काय समजत होते माहीत आहे?"

"काय?"

"ऐकू येत नाही?"

"नाही! काय?"

मी दोन्ही हात तोंडाशी नेले आणि पोटातून ओरडले. नेमका तेव्हाच ओंडका संपला आणि मिस्त्रींनी बटण दाबलं. अख्ख्या वखारीत, रस्त्यापर्यंत, फक्त माझा आवाज उरला.

"मला तू आवडतोस! आणि लग्न करीन तर तुझ्याशीच!"

भुसा हळूहळू खाली बसत होता. हमालांनी फळी हवेतच धरून ठेवली होती. रस्त्यावरची सायकल थांबली. कमी ऐकू येणारे मिस्त्रीसुद्धा माझ्याकडे बघून मान डोलवत होते, म्हणजे त्यांनाही ऐकू गेलं होतं. मी शब्द परत घेतले नाहीत. तोंड लाल झालं असेल, पण मान ताठ होती.

तो साडेसहा फुटांचा माणूस, कोवळ्या रोपासारखा हलत होता.

बाबांनी चष्मा काढला, काचेवरचा भुसा फुंकला, पुन्हा घातला.

"तिचं ट्रेनिंग दीड वर्षाचं आहे," त्याला म्हणाले. "लांब आहे. पुढे बदल्या. एका रेंजमध्ये तुम्हा दोघांना ठेवणार नाहीत. थांबशील?"

"साग तयार व्हायला साठ वर्षं लागतात, काका." तो म्हणाला. "दीड वर्षात तर रोप नीट उभं राहतं एवढंच."

"सागाचं मला सांगतोस?" बाबा गुरगुरले. पण मिशीखाली काहीतरी हललं. मग त्यांनी हमालांकडे पाहिलं, रस्त्यावरच्या सायकलवाल्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं.

"मिस्त्री!" बाबा ओरडले. "दुसरा ओंडका घ्या. मशीन चालू करा, पोरांना बोलायचंय."

मशीन पुन्हा धडधडू लागलं. तो वळसा घालून माझ्या बाजूला आला, वाकला. भुसा त्याच्या केसांत, भुवयांवर. आणि माझ्या कानाशी त्याने जे सांगितलं ते ना हमालांना ऐकू गेलं, ना बाबांना.

मीही कुणाला सांगणार नाही.